भिंतीपलीकडची तर्री

प्रभाकरराव ढगे यांनी आपलं रक्त विज्ञानाच्या कामी द्यायचं ठरवलं, तेव्हा फार तर दोन चमचे जाईल असा त्यांचा अंदाज होता. त्यासोबत शेजाऱ्याची मैत्री, कॉलनीतली पत आणि बत्तीस वर्षांच्या नोकरीत कमावलेला दरारा हेही पणाला लागेल, असं त्या अकरा पानी संमतिपत्रात कुठेही लिहिलेलं नव्हतं. संमतिपत्र त्यांनी वाचलं होतं. नुसतं वाचलं नव्हतं, तपासलं होतं.

प्रभाकरराव निवृत्त मुख्याध्यापक. समुद्रपूर तालुक्यात दहावीच्या केंद्रावर ते उभे असले की पोरं घरूनच खिसे उलटे करून यायची, असं ते स्वतः सांगत. नोकरीत असतानाच ते वर्ध्याला सेवाग्राम रस्त्याच्या बाजूला शिक्षक कॉलनीत घर बांधून राहिले, पण निवृत्तीनंतर पकडायला कोणी नसल्यामुळे हाताला काम नव्हतं. वर्तमानपत्रातल्या चुका काढणं आणि घंटागाडीवाल्याला उशिराचं कारण विचारणं, यावर किती दिवस निघणार?

अशात त्यांची पुतणी अंकिता एका रविवारी फाइल घेऊन आली. ती जवळच्याच एका संशोधन संस्थेत लागली होती. तिचा विषय होता स्निग्ध पदार्थ, म्हणजे तेल, तूप, चरबी, आणि माणसाच्या रक्तात शिरल्यावर त्यांचं पुढे काय होतं ते.

"मोठेबाबा, कोलेस्टेरॉल वाढलं का कमी झालं, एवढ्यावर आता भागत नाई," ती म्हणाली. "रक्ताच्या एका थेंबात स्निग्ध पदार्थांचे शेकडो प्रकार मोजता येतात. आन तांबड्या पेशी असतात ना, त्याईच्या भिंतीत आपून खाल्लेल्या तेलाचा अंश जाऊन बसतो. पेशी तीन-चार महिने जगते. म्हंजे तीन महिने मानसानं काय खाल्लं, हे ते पेशी सांगून देते."

"म्हणजे रक्त साक्ष देतं," प्रभाकरराव म्हणाले. त्यांचे डोळे चमकले. आपल्या नोकरीच्या काळात हे यंत्र का नव्हतं, असं त्यांना फार वाटलं.

अंकिताचा बेत सोपा होता. चाळीस घरं निवडायची. निम्म्यांना बारा आठवडे संस्थेकडून जवसाच्या तेलाचं मिश्रण द्यायचं, निम्म्यांनी आपलं नेहमीचंच तेल वापरायचं. रोजच्या जेवणाची वहीत नोंद ठेवायची. आधी एकदा रक्त, नंतर एकदा रक्त. कोणाच्या वाट्याला कोणतं तेल, ते संगणक ठरवणार.

"माह्या नावावरचा पयला अभ्यास आहे हा," ती म्हणाली. "धड झाला तर पीएचडीची नोंदणी होईन. नाई झाला, तर दुसऱ्याच्या नळ्या धूत बसावं लागन."

अंकिता दहावीला याच घरी राहून शिकली होती. तिनं नळ्या धुवायच्या ही कल्पनाच प्रभाकररावांना सहन झाली नाही. त्यांनी आपलं घर तर दिलंच, शेजारच्या नत्थूजींचंही दिलं. नत्थूजींना नंतर विचारलं.

नत्थूजींची कॉलनीला लागून दोन एकर भाजीबाडी. वांगी, टमाटर, सांबार म्हणजे कोथिंबीर, असं पिकवून ते वर्ध्याच्या बाजारात नेत. माणूस मऊ. "तुमी म्हन्ता तं घ्या रक्त, गुरुजी," ते म्हणाले. "पन जास्त घेऊ नका, उद्या वांगे तोडाचे आहेत."

पहिली अडचण संमतिपत्रात आली. प्रभाकररावांनी त्यात सतरा चुका शोधून लाल शाईनं दुरुस्त केल्या आणि शेवटच्या पानावर 'अक्षर सुवाच्य, मांडणी सदोष' असा शेरा मारून सही ठोकली. चार दिवसांनी संस्थेकडून पत्र आलं. संमतिपत्र नीतिमत्ता समितीनं मंजूर केलेलं असल्यामुळे त्यात कोणताही बदल केल्यास ते बाद ठरतं, सबब कोऱ्या प्रतीवर पुन्हा सही करावी. त्या पत्रातही दोन चुका होत्या. प्रभाकररावांनी तेही दुरुस्त करून परत पाठवलं. शेवटी अंकिता स्वतः आली, समोर बसली आणि लाल पेन आपल्या पर्समध्ये ठेवूनच सही घेऊन गेली.

संगणकाचा निकाल लागला. ढग्यांच्या घरी जवस, नत्थूजींच्या घरी नेहमीचं तेल.

आता नत्थूजींच्या घरचं नेहमीचं तेल म्हणजे काय, हे कॉलनीत सांगावं लागत नसे. त्यांच्या पत्नी गोपिकाबाई बाडीतली ताजी काटेरी वांगी कोवळ्या देठासकट भरून, वर येसराचा भाजका मसाला लावून जी भाजी करत, तिच्यावर दोन बोटं तेलाची लाल तर्री तरंगायची. वास भिंतीवरून येऊन ढग्यांच्या देवघरापर्यंत जायचा. प्रभाकररावांची पूजा साडेदहाच्या सुमारास नेहमी घाईत आटपायची, त्याचं कारण त्यांच्या मते अध्यात्मातला सराव हे होतं.

जवसाचे डबे घरात आले. प्रभाकररावांच्या पत्नी देवकाबाईंनी झाकण उघडून वास घेतला आणि त्यांचा चेहरा खुलला. "माह्या मायच्या घरी हेच तेल होतं," त्या म्हणाल्या. "हे तेल मले शिकवाचं काम नाई."

"हे औषध आहे," प्रभाकरराव गंभीरपणे म्हणाले. "औषध चवीनं खायचं नसतं."

आणि पहिल्या घासाच्या आधीच त्यांनी तोंड वाकडं केलं. ते बारा आठवडे तसंच राहिलं. भाजीला जीव नाही, वरणाला रंग नाही, पातोड्यांना काय झालंय ते कळत नाही. देवकाबाई ताटात वाढत आणि प्रभाकरराव वाटी एका बोटानं पुढे सरकवत. देशासाठी लोक तुरुंगात गेले, आपण निदान जेवणाच्या पाटावर बसतोय, असं स्वतःला समजावून ते वाटी पुन्हा जवळ ओढत आणि कशीबशी संपवत.

शेजाऱ्यांचे सल्लेही सुरू झाले. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचे ताराचंद म्हणाले, "सर, बारा आठवडे कायले थांबता? रोज सकाळी लसनाच्या दोन पाकळ्या अनशापोटी घ्या, कोलेस्टेरॉल पळते." दुसऱ्या दिवशी म्हणाले, अर्जुनाची साल. तिसऱ्या दिवशी म्हणाले, लसूण आणि साल एकत्र घेऊ नका, माझ्या साडूला त्रास झाला. प्रभाकररावांनी त्यांना शांतपणे समजावलं की इथे कोलेस्टेरॉल पळवायचं नाही, मोजायचं आहे, आणि मोजणीच्या मध्ये पळापळ झाली तर मोजणी चुकते. ताराचंद म्हणाले, "मंग अभ्यासाचा फायदा काय?" विज्ञानाची या देशात प्रगती का होत नाही, हे प्रभाकररावांना त्या दिवशी समजलं.

खरा पेच वेगळाच होता आणि तो अंकिताच्या कोणत्याही पुस्तकात नव्हता. ढगे आणि नत्थूजी यांच्या घरांमध्ये छातीएवढी भिंत होती आणि त्या भिंतीवरून बावीस वर्षं वाट्या जात-येत होत्या. इकडून पातोडीचा रस्सा, तिकडून भरली वांगी. इकडून गोळाभात, तिकडून आंबाडीची भाजी. आणि आलेली वाटी रिकामी परत करायची नाही, हा दोन्ही घरचा कायदा होता. हे सगळं प्रभाकररावांना रोज दिसत होतं, पण त्यात विज्ञानाच्या दृष्टीनं काय दडलंय ते एका दुपारी एकदम उमगलं. जवसाच्या घरची भाजी नेहमीच्या तेलाच्या घरी! नेहमीच्या तेलाची जवसाकडे! ही तर सरळसरळ कॉपी झाली.

त्यांनी त्याच संध्याकाळी दोन्ही घरची माणसं अंगणात बोलावली आणि उभं राहून जाहीर केलं, "आजपासून बारा आठवडे संपेपर्यंत या भिंतीवरून एक थेंब इकडचा तिकडे जाणार नाही. अंकिताच्या भवितव्याचा प्रश्न आहे."

"पन गुरुजी..." गोपिकाबाई काही बोलू पाहत होत्या.

"शंका शेवटी," प्रभाकरराव म्हणाले आणि शेवटी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून हिरवी जाळी आणली आणि भिंतीवर बांबू ठोकून ती चांगली सहा फूट उंच बांधली. जाळी बांधून हात झटकताहेत तोच कॉलनीत बातमी पसरली की ढगे गुरुजी आणि नत्थूजी यांचं फाटलं. कोणी म्हणालं, भिंतीच्या हद्दीवरून. कोणी म्हणालं, वांग्याच्या फवारणीवरून. तिसऱ्या दिवशी ताराचंद चार वडीलधारी मंडळी घेऊन समेट करायला आले. प्रभाकररावांनी त्यांना अर्धा तास स्निग्ध पदार्थ समजावून सांगितले. मंडळींनी सगळं ऐकून घेतलं, चहा घेतला, आणि निघताना सर्वांत वयस्कर गृहस्थ त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ते सारं बरोबर आहे, पन गुरुजी, तुमी मोठे आहा. तुमीच दोन पावलं मागं या."

नत्थूजींना मात्र मनातून लागलं. ते रोज सकाळी जाता-जाता फाटकावर सांबाराची जुडी अडकवून जायचे, ती बंद झाली. सांबाराला तेल नसतं, हे त्यांना सांगावं असं प्रभाकररावांच्या मनात आलं होतं. पण आपण मागून घेतोय असं दिसलं असतं, म्हणून ते गप्प बसले. आठ दिवस त्यांना वरणावर सांबार मिळाला नाही.

मग केळझर झालं. कॉलनीची मंडळी दर वर्षी केळझरच्या गणपतीला जाऊन रोडग्यांचा स्वयंपाक करतात. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण आणि तूप. प्रभाकररावांनी आधीच अंकिताला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "एक दिवस चालते, मोठेबाबा, फक्त वहीत लिवा." पण एक दिवस चालते या वाक्यावर विद्यार्थ्यांच्या किती पिढ्या बरबाद झाल्या, हे त्यांनी पाहिलेलं होतं. त्यांनी दोन गंजांत दोन भाज्या करायला लावल्या, एक जवसाची, एक नेहमीची. आणि वाढताना गोंधळ नको म्हणून खडूनं रेघ ओढून दोन पंगती मांडल्या.

पहिल्या पंगतीत ते आणि देवकाबाई असे दोघंच बसले. दुसऱ्या पंगतीत चौतीस माणसं.

मग त्या चौतिसांतून शांत आवाज आला, "गुरुजी, सेवाग्रामच्या इतल्या जवळ राहून पंगतभेद करता?"

प्रभाकररावांना ते इतकं लागलं की त्यांच्या तोंडून एकदम शुद्ध मराठी नाहीसं झालं. "अबे, तेलाचा भेद आहे तो, मानसाचा नाई!" ते ओरडले. पण ओरडून सांगायची गोष्ट कोणालाच खरी वाटत नाही. देवकाबाई मान खाली घालून जेवल्या. परतीच्या एसटीत त्यांनी नवऱ्याच्या शेजारची जागा सोडून गोपिकाबाईंच्या शेजारी बसणं पसंत केलं. दोघी सबंध वाट कुजबुजत होत्या. प्रभाकररावांनी पुढच्या सीटवरून तीनदा मागे वळून पाहिलं. हातात वाट्या नव्हत्या, म्हणून आक्षेप घेता आला नाही.

आता जे सांगायचं ते प्रभाकररावांना आवडणार नाही, पण कथेला इलाज नाही.

सहाव्या आठवड्यात एका गुरुवारी देवकाबाई भजनाला गेल्या होत्या. प्रभाकररावांसमोर झाकलेलं ताट होतं. त्यात वांग्याची भाजी होती, जवसाची. त्यांनी झाकण उचललं, पुन्हा ठेवलं. मग त्यांना आठवलं की नत्थूजींच्या घरची नोंदवही आपण अजून तपासलेली नाही. कर्तव्य म्हटल्यावर वेळकाळ बघता येत नाही. ते फाटकातून बाहेर पडले, वळसा घालून नत्थूजींच्या दारात गेले.

नत्थूजी बाडीत होते. गोपिकाबाईंनी वही दिली. वही चोख होती. प्रभाकरराव ती उघडून पंधरा मिनिटं पहिल्या पानाकडेच बघत बसले, कारण चुलीजवळच्या झाकलेल्या वाटीतून जो वास येत होता त्यानं अक्षरं हलत होती.

"जेवता काय, गुरुजी?" गोपिकाबाईंनी विचारलं.

"नको नको," प्रभाकरराव म्हणाले. आणि मग, "नमुना म्हणून पाहायला हरकत नाही."

गोपिकाबाई आत गेल्या आणि वाटी घेऊन आल्या. लाल तर्री, मऊ वांगं, येसराचा दाटपणा. प्रभाकररावांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. असा घास सहा आठवड्यांत पोटात गेला नव्हता. त्यांनी अडीच भाकरी खाल्ल्या. वाटी भाकरीच्या तुकड्यानं पुसून घेतली.

"वहिनी," ते भारावून म्हणाले, "खरं सांगतो, आमच्या घरी याच्या निम्मीही चव येत नाही."

गोपिकाबाईंनी तोंडाला पदर लावला. लाजल्या असतील, असं प्रभाकररावांना वाटलं.

त्यानंतर दर गुरुवारी तपासणी होऊ लागली. भजन साडेदहाला सुरू व्हायचं, तपासणी पावणेअकराला. घरच्या वहीत मात्र ते सुवाच्य अक्षरात लिहीत: 'गुरुवार. दुपारी. भाजी-भाकर. घरची.' पेन त्या शेवटच्या शब्दावर दर वेळी थोडं अडायचं. बत्तीस वर्षांत ज्यांच्या ज्यांच्या चिठ्ठ्या पकडल्या होत्या, ते सगळे बाकावर बसून आपल्याकडे बघताहेत असं त्यांना वाटायचं. तरी पुढच्या गुरुवारी पाय त्याच दिशेनं वळायचे. असे सात गुरुवार झाले.

बारा आठवडे संपले. रक्त गेलं. महिनाभरानं एका सकाळी अंकिता आली, पण एकटी नव्हती. सोबत तिच्या वरिष्ठ दीपमाला मॅडम होत्या. अंकिताचे डोळे सुजलेले होते. मॅडमनी दोन्ही घरची माणसं एकत्र बसवायला सांगितली.

"अडतीस घरांचं व्यवस्थित जमतंय," मॅडम म्हणाल्या. "या भिंतीशी आलो की गाडी अडते. नत्थूजी आणि गोपिकाताई, तुमच्याकडे नेहमीचं तेल होतं ना? तुमच्या रक्तात जवसाची खूण आहे. बरीच आहे. देवकाताईंच्या रक्तात दोन्ही तेलांची सरमिसळ आहे. या चौघांत फक्त एक नमुना अगदी स्वच्छ आहे, प्रभाकरराव सरांचा. सगळ्या अभ्यासात इतकं निर्मळ जवस कोणाचंच नाही."

प्रभाकररावांनी बोटांवर पुन्हा मोजलं. स्वच्छ? सात गुरुवार?

"वह्यांत तर सगळ्यांनीच नियम पाळल्याचं लिहिलंय," मॅडम पुढे म्हणाल्या. "मग एकच अर्थ निघतो. नळ्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या. नमुने अंकितानं घेतले होते. आज मला तसा अहवाल द्यावा लागेल. आणि मग तिची नोंदणी या वर्षी तरी होणार नाही."

"मी नाई बदलल्या, मॅडम," अंकिता हळूच म्हणाली. "मी दोनदा तपासून लावल्या होत्या."

देवकाबाई जमिनीकडे बघत होत्या. गोपिकाबाई बांगड्या फिरवत होत्या. नत्थूजी छताच्या पंख्याकडे बघत होते. प्रभाकररावांना अशी शांतता ओळखीची होती. वर्गात चूक कोणाची ते सगळ्यांना ठाऊक असतं आणि मधल्या बाकावरचं एखादं निरपराध पोर मार खातं, त्या आधीची ही शांतता. फरक एवढाच होता की आज चूक कोणाची ते फक्त त्यांनाच ठाऊक होतं. गप्प राहिलं तर सगळ्या अभ्यासातला सर्वांत निर्मळ माणूस म्हणून मिरवता येणार होतं. त्यांनी अंकिताकडे पाहिलं. मग ते उठून उभे राहिले. बसून बोलणं त्यांना जमलं नसतं.

"पोरीचा दोष नाही," ते म्हणाले. "वही खोटी आहे. मी लिहिलेली. मी सात गुरुवार यांच्या घरी जाऊन तर्रीची भाजी खाल्ली. पोटभर. एकदा तर साडेतीन भाकरी. मी कॉपी केली, मॅडम."

शब्द बाहेर पडले आणि त्यांना एकदम हलकं वाटलं. आता सगळं सुरळीत होणार होतं.

दीपमाला मॅडमनी कपाळाला हात लावला. "सर, हे तर आणखी वाईट झालं. तुम्ही सात वेळा दुसरं तेल पोटभर खाल्लं, तर तुमचं रक्त एवढं निर्मळ कसं? म्हणजे तुमची नळी नक्कीच दुसऱ्या कोणाची आहे. आतापर्यंत नुसता संशय होता. आता खात्रीच झाली."

अंकिताचा बांध फुटला. प्रभाकरराव उभेच राहिले. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलून त्यांनी एका पोरीचं नुकसान केलं होतं, आणि खाली बसायचं कसं तेही त्यांना सुचेना.

"नाई वं बाई, नाई!" गोपिकाबाई एकदम ओरडल्या. "याईनं तर्री खाल्लीच नाई!"

"खाल्ली!" प्रभाकरराव दुखावून म्हणाले. एवढ्या कष्टानं दिलेली कबुली कोणी खोटी पाडलेली त्यांना चालणार नव्हती.

"खाल्ली, पन आमची कुठी खाल्ली? ते भाजी देवकाबाईची होती. जवसाची."

मग देवकाबाईंनी मान वर केली.

"याईनं ज्या दिवशी फतवा काढला ना मॅडम, त्या दिवशी गोपिकेची वाटी माह्याच घरी होती," त्या म्हणाल्या. "आता रिकामी वाटी कशी देऊ मी वापस? म्हनून भरून देल्ली. मंग तिले माही वाटी रिकामी देता येईना. जाळी वरतून बांधली याईनं, पन मागं न्हानीपाशी मोरीच्या वर हात जाईन एवढी जागा हाये. रोज एक वाटी जाये, एक ये. तिकडून येणारी मीच खाओ, याईच्या ताटात कधी घातली नाई. पोरीचं काम आहे, इतलं मले समजते."

"आन आमच्याकडे येणारी आमी खाओ," गोपिकाबाई म्हणाल्या. "पयल्या गुरुवारी गुरुजी आले. मी म्हनलं, आता याईले आपलं तेल घातलं तं अंकिताचा अभ्यास बिघडन. समोर देवकाबाईची वाटी होती, थेच देल्ली. मंग दर गुरुवारी याईच्यासाठीच तुमची वाटी झाकून ठेवो. पन आमच्याच पोटात हे जवस जाऊन राह्यलं, त्याचा हिशेब होईन, हे नाई सुचलं बा. बोलाले गेलो तं म्हने, शंका शेवटी."

नत्थूजी खाकरले. "मले वाटलं, आमच्या हिच्याच हाताची भाजी सुधरली," ते म्हणाले. जाळी बांधल्यापासून ते एवढंच बोलले.

दीपमाला मॅडम आधी ओठ दाबून बसल्या. मग त्यांना आवरेना. हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला. "अंकिता," त्या म्हणाल्या, "तुझ्या नळ्या बरोबर आहेत. एकूण एक बरोबर आहेत. रक्तानं कोणाच्या घरची वाटी कोणाकडे गेली तेसुद्धा बरोबर सांगितलं. असं बघ, चाळीसही घरांना पुन्हा विचार. शेजारून काय आलं आणि काय गेलं, असा एक रकाना आपल्या वहीत नव्हता, ही चूक तुझी नाही, माझी आहे. तो रकाना घालू. तुझी नोंदणी या वर्षीच होईल."

अंकिता एकाच वेळी रडत होती आणि हसत होती. देवकाबाईंनी तिला जवळ घेतलं.

मग नियमभंगाची पत्रकं निघाली. ज्यानं नियम मोडला त्यानं आपल्या हातानं भरून द्यायची. देवकाबाई, गोपिकाबाई आणि नत्थूजी यांनी घेतली. मॅडम म्हणाल्या, "सर, तुम्हाला गरज नाही. तुमच्याकडून नियमभंग झालेलाच नाही."

"प्रयत्न झाला होता," प्रभाकरराव म्हणाले. "प्रयत्नालाही मी पोरांना सोडलं नाही कधी. एक प्रत द्या."

त्यांनी चष्मा लावला आणि लिहायला बसले. दिनांक लिहिले, सातही. 'काय खाल्ले': वांग्याची भाजी. 'किती': अडीच ते साडेतीन भाकरी. 'कोणी केलेली': इथे पेन थोडं थांबलं. मग त्यांनी लिहिलं, 'सौ. देवका ढगे.' शेवटचा रकाना होता, 'खाण्याचे कारण'.

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. हीच भाजी घरी बोटानं सरकवली होती आणि भिंतीपलीकडे बसून वाटी पुसून खाल्ली होती. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली होती. या घरात भाजी खारट झाली, पातळ झाली, करपली, हे त्यांनी वेळोवेळी अचूक सांगितलं होतं. बाकीच्या दिवशी काही सांगायची गरजच कधी वाटली नव्हती. सगळी खोली वाट बघत होती. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी कागदावर झुकून, कोणाला दिसू नये असा डाव्या हाताचा आडोसा करून, सुवाच्य अक्षरात एक ओळ लिहिली आणि पत्रक अंकिताकडे दिलं.

अंकितानं वाचलं आणि ते मोठ्या आईसमोर धरलं. 'चव फार उत्तम होती. इतकी चांगली भाजी आजवर दुसरीकडे खाल्लेली नाही.' खाली पूर्ण सही, तारखेसकट.

देवकाबाईंनी ती ओळ वाचली. पुन्हा एकदा वाचली. मग पदरानं चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली.

"पोरी," त्या म्हणाल्या, "हे जमा कराच्या आधी मले याच्या दोन झेरॉक्स आनून देजो."